उन्हाचा जमाखर्च

बाल्टिमोर येथील क्लॅरेन्स केम्प याने १८९१ साली ‘क्लायमॅक्स’ नामक सौर बंबाचे पेटंट मिळविले, तेव्हा त्याची रचना अगदी साधी होती: काळा रंग दिलेल्या लोखंडी टाक्या लाकडी पेटीत बसवाव्यात, वर काच लावावी आणि ती पेटी छपरावर उन्हात ठेवावी. किंमत २५ डॉलर. या जिनसाचे खरे चीज झाले ते दक्षिण कॅलिफोर्नियात. कारण तेथे ऊन मुबलक असले तरी दगडी कोळसा दूरवरून आणावा लागत असल्यामुळे महाग पडे, आणि कोळशावर वर्षाकाठी सुमारे ९ डॉलर वाचविणाऱ्या गृहस्थाचे मुद्दल तीन वर्षांत वसूल होई. पासाडेना शहरातील सुमारे तीस टक्के घरांवर १८९७ पर्यंत असे बंब चढले, याचे श्रेय विज्ञानाच्या कौतुकापेक्षा या हिशेबाला अधिक द्यावे लागेल.

क्लायमॅक्सचे पाणी रात्री थंड होई. विल्यम बेली याने १९०९ मध्ये तापविणारी नळी आणि साठविणारी टाकी या दोहोंची फारकत केली व टाकीला उष्णतारोधक आवरण घातले, त्यामुळे पहाटेही ऊन पाणी मिळू लागले. मात्र खर्चाची एक मोठी बाब वाढली. पुढे लॉस एंजेलिसच्या परिसरात नैसर्गिक वायू विपुल सापडला, त्याचे दर उतरले, आणि कोळशाच्या भावावर बेतलेले सारे गणित कोलमडून खुद्द बेलीही वायूचे बंब विकू लागला.

सौर उष्णतेला तेथे पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देण्यात पोहण्याच्या तलावांचा वाटा मोठा आहे. युद्धोत्तर काळात घरोघरच्या परसात झालेले हे तलाव वायूवर तापविले जात; पण त्यांचे पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपलीकडे नेण्याची गरज नसते, म्हणजे ते भोवतालच्या हवेहून फारसे उष्ण नसते, आणि म्हणूनच काच व तांबे वगळून केवळ काळ्या प्लॅस्टिकच्या नळ्यांच्या चटईवर काम भागते. फाफ्को या कंपनीने १९६९ पासून नेमका हाच मार्ग धरला. पाणी गाळण्यासाठी तलावावर बसविलेला पंपच ते छपरापर्यंत चढवितो आणि साठवणीचे काम तलाव स्वतःच करतो. बेलीच्या बंबातील टाकीचा खर्च येथे मुळातूनच गळतो. अशी सोय या विद्येला दुसरीकडे क्वचितच लाभली असेल.

अंदाजपत्रक मांडायचे तर दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलाव घ्यावा. त्यातील ७५,००० लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास तितक्याच किलोकॅलरी, म्हणजे विजेची सुमारे ८७ युनिटे, लागतात; चांगल्या उन्हाच्या दिवशी एक चौरस मीटर चटई साधारण तीन युनिटांइतकी उष्णता देते, तेव्हा तीस चौरस मीटर चटई दिवसाला अंशभर पाणी तापवील. पण ही झाली नुसती जमेची बाजू. बाष्प होऊन उडालेले एक लिटर पाणी सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जाते, आणि उघड्या तलावाची बहुतेक उष्णता याच वाटेने नष्ट होते. म्हणून चटईचे क्षेत्रफळ तलावाच्या पृष्ठभागाच्या निम्म्यापासून बरोबरीपर्यंत धरण्याचा प्रघात पडला. तथापि माझ्या मते, चटईचा भाव विचारण्याआधी रात्री पाण्यावर पसरायच्या आच्छादनाची रक्कम खर्ची घालावी, कारण तितक्या अल्प मोलात इतकी उष्णता राखणारे दुसरे साधन नाही.

१९७३ च्या तेलटंचाईने इंधनाचे भाव भडकले, आणि कॅलिफोर्निया राज्याने १९७७ साली सौर साधनांच्या खर्चाच्या ५५ टक्क्यांपर्यंत करसवलत देऊ केली. मध्यवर्ती सरकारने मात्र १९७८ च्या कायद्यान्वये दिलेल्या सवलतीच्या कक्षेबाहेर तलाव ठेवले. चैनीच्या वस्तूला सरकारी तिजोरीतून साह्य नको, ही भूमिका समजण्यासारखी आहे. परंतु जो तलाव अगोदरच वायू जाळून तापत होता, त्याचा वायू वाचविणे हे राष्ट्राच्या इंधनसाठ्याच्या दृष्टीने न्हाणीघरातील वायू वाचविण्याइतकेच मोलाचे होते, आणि तेही अधिक स्वस्तात साधत होते.