घरची बीअर आणि राजाचा खजिना

इंग्लंडांत किंवा अमेरिकेंत घरीं बीअर करूं इच्छिणाऱ्या नवशिक्यासाठीं बाजारांत एक पेटी विकत मिळते. ती उघडली असतां आंत मोजक्याच वस्तु निघतात : झांकणाची एक मोठी बादली, झांकणाच्या भोकांत बसवून पाण्यानें भरावयाची एक लहानशी वांकडी नळी, द्रवाची घनता मोजण्याचें कांचेचें यंत्र, उष्णतामापक, बीअर एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओढून घेण्याची लवचिक नळी, काकवीसारखा दाट असा जवाच्या माल्टचा अर्क भरलेला डबा, आणि यीस्टची एक पुडी. सोबत एक सूचनापत्रक असतें. तें वाचण्यास पांच मिनिटें पुरतात. परंतु या वस्तु एकत्र येण्यास, आणि त्या सामान्य गृहस्थाच्या हातीं निर्भयपणें पडण्यास, कित्येक शतकें लागलीं. त्या शतकांचा वृत्तान्त थोडक्यांत सांगावा असा या लेखाचा हेतु आहे. मद्यपानाची भलावण करणें हा हेतु नाहीं. घरांत होणारी एक वस्तु घराबाहेर कशी गेली, तिच्यावर राजसत्तेनें हात कसा ठेवला, आणि ती पुनः घरांत कशी आली, हा प्रश्न मद्यास कधीं न शिवलेल्या वाचकासही विचार करण्याजोगा वाटेल.

प्रथम कृति सांगतों, म्हणजे पुढील इतिहास समजण्यास सुलभ जाईल. जव भिजवून, मोड आणून व भट्टींत वाळवून जें धान्य होतें त्यास माल्ट म्हणतात. मोड येतांना धान्यांत जीं द्रव्यें उत्पन्न होतात, तीं ऊन पाण्यांत धान्याच्या पिष्टाची साखर करितात. पेटींतील डब्यांत हें सर्व काम आधींच उरकलेलें असतें. बहुधा हॉपच्या फुलांचा कडवटपणाही त्यांत उतरविलेला असतो. सुमारें पावणेदोन किलोचा हा अर्क उकळत्या पाण्यांत विरघळवावा, त्यांत सुमारें १ किलो साखर घालावी, आणि थंड पाणी मिळवून एकंदर २३ लिटर, म्हणजे इंग्रजी मापानें सुमारें ५ गॅलन, करावे. मिश्रण २० अंश सेल्सिअसच्या आसपास निवलें म्हणजे यीस्ट वर भुरभुरावें व झांकण लावावें. दिवसा दोन दिवसांत नळींतील पाण्यांतून बुडबुडे येऊं लागतात. यीस्ट साखर खाऊन तिचा मद्यार्क व कर्बवायु करीत असतें. नळी त्या वायूस बाहेर वाट देते, परंतु बाहेरील हवेंतले जंतु आंत येऊं देत नाहीं. आठ दहा दिवसांनीं घनता लागोपाठ दोन तीन दिवस तीच आढळली, म्हणजे काम संपलें असें समजावें. मग प्रत्येक बाटलींत थोडीशी साखर घालून बीअर भरावी, झांकण घट्ट बसवावें, आणि पहिले कांहीं दिवस उबेंत व पुढें थंड जागीं ठेवावी. नवशिक्याच्या हातून दोन चुका हटकून होतात. भांडीं निर्जंतुक करण्यांत कुचराई केली तर बीअर आंबते. आणि घाईनें बाटल्या भरल्या तर उरलेल्या साखरेचा वायु आंत कोंडून बाटली फुटते. स्वच्छता आणि धीर हीं दोन साधलीं म्हणजे बाकीचें काम यीस्ट करितें.

मध्ययुगीन इंग्लंडांत हें काम बहुतेक स्त्रियांकडे होतें. त्या काळचें पेय हॉपविना केलेलें असे. त्यास ‘एल’ म्हणत. तें फार दिवस टिकत नसे, म्हणून ज्या घरीं तें केलें जाई तेथील बाई आपल्या घरापुरतें ठेवून उरलेलें शेजाऱ्यांस विकी. पुढील खेपेस दुसरीच्या घरीं तें होई. दळणकांडण व स्वयंपाक यांच्याच मालिकेंतलें हें काम होतें. त्यास वेगळी इमारत नको होती, कीं वेगळें भांडवल नको होतें. इ. स. १२६६ च्या सुमारास पाव व एल यांच्या किंमती धान्याच्या भावाशीं जोडणारा कायदा झाला. गांवोगांवीं एल चाखून पाहणारे अधिकारी नेमले गेले, आणि नियम मोडल्याबद्दल त्या स्त्रियांस दंड होऊं लागला. दंडाच्या याच नोंदींमुळें आज त्यांचीं नांवें आपणांस कळतात. ज्यांच्या श्रमाची दखल अन्य कोणीं घेतली नाहीं त्यांची दखल दंडाच्या वहीनें घेतली, हा इतिहासाचा एक विचित्र न्याय होय.

हॉपनें ही व्यवस्था बदलली. हॉप हें एका वेलाचें फूल. त्याच्या कडवटपणांत पेय टिकविण्याचा गुण असतो, हें जर्मनींतील बिंगेनच्या हिल्डेगार्ड या मठवासिनीनें बाराव्या शतकांतच नमूद केलें होतें. इंग्लंडांत हॉपची बीअर इ. स. १४०० च्या सुमारास नेदरलंडांतून आली. टिकाऊ वस्तु सांठवितां येते, दूर धाडतां येते, सैन्यास व जहाजांस पुरवितां येते; परंतु त्यासाठीं मोठे हंडे, पिंपें, कोठारें, उधारी व पत लागते. हें भांडवल त्या काळच्या स्त्रीस कायद्यानें व रूढीनें मिळण्याजोगें नव्हतें. जुडिथ बेनेट या विदुषीनें १९९६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत १३०० ते १६०० या तीनशें वर्षांत हा धंदा स्त्रियांच्या हातून पुरुषांच्या हातीं कसा गेला हें सविस्तर दाखविलें आहे. त्या धंद्याची मिळकत वाढली, प्रतिष्ठा वाढली, आणि नेमक्या त्याच वेळीं त्यांतून स्त्री वगळली गेली.

तरीही घरापुरती बीअर करण्याची चाल खेड्यापाड्यांतून पुष्कळ काळ टिकली. तिच्यावर दुसरा घाव घातला तो कराचा. १६९७ पासून इंग्लंडांत माल्टवर कर बसला, आणि १७११ पासून हॉपवरही बसला. मोठ्या कारखानदारास कर म्हणजे किंमतींत मिळवावयाचा एक आंकडा. मजुराच्या घरीं मात्र तो चुलीवरील हंड्यावरच बसला. विल्यम कॉबेट या निर्भीड पत्रकारानें १८२१–२२ मध्यें ‘कॉटेज इकॉनॉमी’ हें पुस्तक खंडशः प्रसिद्ध केलें, त्याचा आरंभच बीअर करण्याच्या पाठानें होतो. पूर्वींच्या पिढींत मजूर आपली बीअर आपण करीत. आतां कर व महागाई यांमुळें त्यांनीं ती सोडली व चहा धरला, अशी त्याची तक्रार होती. आणि चहानें माणूस दुर्बळ होतो असें त्याचें ठाम मत होतें. चहाविषयींचें हें मत आपणांस आज हास्यास्पद वाटेल. परंतु त्यामागील दुःख खरें होतें. जी वस्तु करण्याचें ज्ञान आईकडून मुलीस मिळत असे, ती वस्तु विकत घेणें भाग पडलें, आणि एका पिढीनंतर तें ज्ञानही घरांतून उठून गेलें.

घराबाहेर गेलेलें ज्ञान कारखान्यांत मात्र वाढीस लागलें, आणि पेटींतील कांचेच्या वस्तूंचा उगम तेथेंच आहे. मायकेल कॉम्ब्रून यानें १७६२ च्या आपल्या ग्रंथांत उष्णतामापकाचा उपयोग प्रतिपादिला. हल येथील जॉन रिचर्डसन यानें १७८४ मध्यें घनतामापकाचा. तोंवर पाण्याची उष्णता हाताच्या अंदाजानें ठरे. यीस्टचें स्वरूप तर कोणास ठाऊकच नव्हतें. नॉर्विच येथील पंधराव्या शतकांतील लोक त्यास देवाच्या कृपेचें नांव देत, आणि आदल्या खेपेचा फेस पुढील खेपेस घालीत. लुई पाश्चर यानें १८७६ मध्यें बीअरवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध करून बीअर बिघडविणारे जंतु कोणते हें दाखविलें. त्यानंतर सात वर्षांनीं, १८८३ मध्यें, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत एमिल क्रिश्चन हॅन्सेन यानें यीस्टची एकच पेशी निवडून तिच्यापासून शुद्ध वाण वाढविलें. कारखान्याचा मालक जेकबसेन यानें हें वाण इतर कारखानदारांस मोफत दिलें. नवशिक्याच्या हातांतील पुडी ही त्याच पद्धतीची दूरची संतति आहे.

ज्या घनतामापकानें कारखानदाराचें काम सोपें केलें त्यानेंच कर-अधिकाऱ्याचेंही केलें. १८८० मध्यें ग्लॅडस्टन यानें माल्टवरील कर काढून टाकिला व आंबविण्यापूर्वीं द्रवाची जी घनता असते तिच्यावर बीअरचा कर ठरविला. कायद्याची ही सुधारणा घरीं बीअर करणाऱ्यास दुधारी ठरली. माल्ट करमुक्त झाला; परंतु घरीं बीअर करण्यास सरकारी परवाना लागूं लागला. गरिबाच्या लहान घरास करांतून सूट मिळे. परवान्यांतून मिळत नसे. परवाने घेणारे दर पिढीस कमी होत गेले. अखेर एप्रिल १९६३ च्या अंदाजपत्रकांत अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनीं हा परवानाच रद्द केला. विकण्यासाठीं नसलेली बीअर हवी तितकी करावी, कर नाहीं, परवाना नाहीं, असें झालें. त्याच वर्षीं सी. जे. जे. बेरी यांचें घरगुती बीअरवरील पुस्तक निघालें, आणि पुढील वर्षांत माल्टच्या अर्काचे डबे औषधांच्या दुकानांतूनही मिळूं लागले. आजची पेटी येथून जन्मली.

अमेरिकेची कथा निराळी, तथापि तिचें तात्पर्य तेंच. तेथेंही आरंभीं बीअर घरींच होई. थॉमस जेफर्सन याची पत्नी मार्था हिच्या १७७२ च्या हिशेबांत बीअर केल्याच्या नोंदी आहेत. पुढें १८१३ च्या सुमारास जेफर्सनच्या माँटिसेलो येथील वाड्यांत जोसेफ मिलर नांवाच्या इंग्रज कसबगारानें ही विद्या पीटर हेमिंग्ज यास शिकविली, आणि मग बीअर पीटर करूं लागला. हा पीटर जेफर्सनचा गुलाम होता. घरगुती बीअरच्या गोड आठवणी काढतांना ‘घर’ कोणाचें आणि हात कोणाचे, हा प्रश्न विसरतां कामा नये. पुढें १९२० च्या जानेवारींत देशभर मद्यबंदी आली. बीअरचे मोठे कारखाने पावरोटीसाठीं म्हणून माल्टचा अर्क विकूं लागले, आणि तो घेणाऱ्यांच्या तळघरांत कोणती पावरोटी होते हें सर्वांस ठाऊक होतें. १९३३ च्या डिसेंबरांत बंदी उठली. घरीं द्राक्षासव करण्यास मोकळीक मिळाली. बीअरला मात्र नाहीं. ही उणीव भरून निघण्यास ४५ वर्षें लागलीं. १४ ऑक्टोबर १९७८ रोजीं अध्यक्ष जिमी कार्टर यांनीं ज्या विधेयकावर सही केली, त्यानें एकट्या प्रौढास वर्षास १०० गॅलन व दोन वा अधिक प्रौढांच्या कुटुंबास २०० गॅलन बीअर करमुक्त करण्याची मुभा दिली. तरीही राज्यांचे कायदे वेगळे होते. अलाबामा व मिसिसिपी या शेवटल्या राज्यांनीं २०१३ मध्यें संमति दिली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्या देशांत बीअरचे शंभराहूनही कमी कारखाने उरले होते. आज ते हजारोंनीं मोजावे लागतात, आणि त्यांतील कित्येकांचे संस्थापक आपल्या स्वयंपाकघरांतील बादलीपासून निघालेले आहेत.

हा वाद केवळ पाश्चात्यांचा आहे असें समजूं नये. १९०९ मध्यें शामशास्त्री यांनीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें एक संपूर्ण प्रकरण आहे. सुरा करणें व विकणें हें राजाच्या ताब्यांत ठेवूनही कौटिल्यानें कुटुंबवत्सल गृहस्थास मंगल कार्याच्या प्रसंगीं श्वेतसुरा, व औषधासाठीं अरिष्ट, घरीं करण्याची सवड दिली आहे. उत्सव व यात्रा यांसाठीं चार दिवसांची मोकळीक सांगितली आहे. आणि किण्वाची निवड करण्याचें काम स्त्रिया व मुलें यांच्याकडे सोंपविलें आहे. म्हणजे करवसुलींत अत्यंत कठोर असलेल्या या शास्त्रकारासही घराच्या उंबऱ्याशीं थोडें थांबावेंसें वाटलें. मुंबई इलाख्यांतील इंग्रज सरकारास तसें वाटलें नाहीं. १८७८ च्या अबकारी कायद्यानें ताडी व दारू यांवरील पकड घट्ट केली, आणि १८९२ च्या कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध घातला. मोहाची दारू ऊर्ध्वपातनानें होते, बीअर नुसती आंबवून; दोहोंची तुलना सर्वांशीं जुळणार नाहीं. तथापि जें फूल रानांत झडतें, व जें वनवासी कुटुंबाचें अन्नही आहे, तें घरांत ठेवणें हाच अपराध व्हावा, यांत खजिन्याची भूक कोठवर पोंचते हें दिसून येतें. स्वराज्यांत १९४९ चा मद्यनिषेध कायदा आला तो खजिन्यासाठीं नव्हे, नीतीसाठीं. परंतु त्याअन्वयेंही परवान्यावांचून मद्य करणें महाराष्ट्रांत आजही गुन्हाच आहे. म्हणून येथील वाचकास वर वर्णिलेली पेटी ही करून पाहण्याची नव्हे, विचार करण्याची वस्तु आहे.

त्या विचारांत दोन्ही बाजू तोलावयास हव्या. दारूनें उद्ध्वस्त झालेलीं घरें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत, आणि त्यांतील स्त्रियांनींच दारूबंदीची मागणी वारंवार केली आहे. त्यांचें म्हणणें हलकें लेखणारा इतिहासकार आंधळा म्हणावा लागेल. परंतु राजसत्तेनें जेव्हां जेव्हां घरच्या हंड्यावर हात ठेवला, तेव्हां तो पुष्कळदां नीतीचें नांव घेऊन व करासाठीं ठेवला, आणि त्यामुळें पिणें थांबलें नाहीं. करणें तेवढें थांबलें. पिणारा गिऱ्हाईक झाला, आणि करणारी विस्मृत झाली. १९६३ किंवा १९७८ च्या कायद्यांनीं गेलेली ती बाई परत आली नाहीं. परंतु एखादी वस्तु आपल्या हातानें, धीरानें व स्वच्छतेनें करून पाहण्याचा तिचा हक्क तेवढा परत आला. बादलीच्या झांकणावरील नळींतून बुडबुडा निघतांना ऐकणाऱ्या नवशिक्यास हें ठाऊक असो वा नसो, त्याच्या स्वयंपाकघरांत तिचेंच काम चाललेलें असतें.