चव ठरवायची कुणी?



आज येडशीहून आम्ही तुम्हाला बिअरचा इतिहास सांगणार आहोत. लगेच नाक मुरडू नका. दारूपायी घरं कशी मोडतात हे आपल्याला कुणी सांगायला नको, आणि आम्ही तिची भलामण करत नाही. पण चवीची परीक्षा फार बारकाईनं ज्या धंद्यात झाली, तो हा धंदा. आणि एके काळी तो बायकांच्या हातात होता.

सातशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या खेड्यांत घरोघरी ‘एल’ नावाचं पेय करत. सातू भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे. नाचणीचं सत्त्व करताना आपण करतो तसंच. मग भरडून, गरम पाण्यात कालवून ते आंबवायचं. ते फार दिवस टिकत नसे, म्हणून सारखं नवं करावं लागे. हे काम बहुतेक बायकांचंच. घरचं भागलं की उरलेलं विकायचं, तेवढेच चार पैसे हाताशी येत.

पण ते चांगलं की वाईट हे ठरवायचं कुणी? १२६६-६७च्या सुमारास तिथं पाव आणि एलच्या दराचा कायदा झाला. गावोगावी चव घेणारे कारभारी नेमले जाऊ लागले. करणाऱ्या बायका, पण चव घेणारे जवळजवळ सगळे पुरुष. माप कमी भरलं किंवा चव पसंत पडली नाही, तर दंड व्हायचा. पुढं हॉप्स नावाची कडू फुलं घातलेली बिअर आली. ती जास्त टिकायची, लांब विकता यायची, पण त्याला मोठी भांडी आणि भांडवल लागायचं. बायकांकडं ते नव्हतं. १६०० सालापर्यंत धंदा मुख्यतः पुरुषांकडे गेला. चवीचा निकाल तर बायकांच्या हातात कधी आलाच नव्हता.

पुढं कारखाने आले आणि मालकांना कळलं, की एकाच माणसाच्या जिभेवर भरवसा ठेवता येत नाही. जीभ थकते, आणि माल कुणाचा हे माहीत असलं की मन आधीच निकाल देतं. डब्लिनच्या गिनेस कारखान्यातल्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावानं थोड्या नमुन्यांवरून खात्रीचा निष्कर्ष कसा काढायचा याचं गणित मांडलं. १९४०च्या दशकात डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग कारखान्यात तीन पेल्यांची परीक्षा वापरात आली. दोन पेल्यांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला कोणता, एवढंच ओळखायचं.

१९७०च्या दशकात मॉर्टन मेलगार्ड यांनी बिअरच्या वासा-चवींची नावं एका चक्रात मांडली. ‘कसंतरी लागतंय’ असं म्हणून भागत नाही. लोण्यासारखा वास, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास, असं नेमकं सांगावं लागतं. गंमत बघा, लोण्याला आणि दह्याला सुवास देणारं डायअसिटिल बहुतेक बिअरमध्ये दोष ठरतं. आपल्याकडं पुण्यात २००९ साली डुलालीसारखी छोटी ब्रुअरी सुरू झाली. अशा छोट्या घाण्यात दर खेपेला फरक पडू शकतो, म्हणून तिथं नाक-जिभेची पारख फार मोलाची.

आता आपलं बघू. व्यापारी म्हणतो, ‘मागच्या खेपेसारखी चटणी नाही,’ आणि भाव पाडतो. गटात बोट दाखवलं जातं ते भाजणाऱ्या बाईकडं. खरंच फरक आहे का, हे कुणी तपासतच नाही.

ते असं तपासा. मागच्या खेपेची थोडी चटणी राखून ठेवा. बारा जणी घ्या. प्रत्येकीला तीन सारख्या वाट्या द्या: सहा जणींना दोन जुन्या एक नवी, सहा जणींना दोन नव्या एक जुनी. वाट्यांचा क्रम बदलता ठेवा आणि खाली खूण करा, म्हणजे कोणती कुठली ते चाखणारीला कळणार नाही. रंगात फरक दिसत असेल तर उजेड कमी करा. मध्ये पाण्यानं चूळ भरायची. एकमेकींशी बोलायचं नाही. वेगळी वाटी कोणती, ते प्रत्येकीनं स्वतंत्र सांगायचं आणि एकीनं लिहून घ्यायचं.

नुसत्या अंदाजानं बारांतल्या चार जणी बरोबर येतील. आठ किंवा जास्त आल्या, तर फरक खरा धरायचा. मग मिरची, भाजणी, मीठ, साठवण यांत कारण शोधायचं. कमी आल्या, तर फरक सिद्ध झाला नाही, आणि त्यावरून कुणा बाईला बोल लावायचा नाही. एक ध्यानात ठेवा: बुरशी आलेला, नासलेला माल चाखायचा नाही, तो फेकायचा.

निकाल तारखेसकट वहीत लिहा. व्यापारी पुन्हा बोलला, की वही त्याच्यापुढं ठेवा. चवीचा निकाल आता आपल्याही हातात असू द्या.