फटाके फोडणारी गाडी

आजचा इतिहास किल्ल्यांचा नाही, सायलेन्सरचा आहे.

इंदूरला रामबागेतल्या आमच्या गल्लीत मी रात्री साडेदहाला शिरलो, रेस सोडली आणि मागून फाट-फाट असे दोन बार निघाले. समोरच्या काकू गॅलरीत आल्या. नात नुकतीच झोपली होती. "या वयात सायलेन्सर बदललास का रे?" मी काय सांगणार? सायलेन्सर गाडीबरोबर आलेलाच होता.

गाडी २०१० सालची, फ्युएल इंजेक्शनची. गॅरेजवाल्याने दोन मिनिटं ऐकलं आणि निकाल दिला, "ईसीयू गेला, सर." त्याने सांगितलेल्या पैशांत जुनी गाडी जवळजवळ अर्धी आली असती. विकून टाकावी असं ठरतही आलं होतं.

तो असं का म्हणाला, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. बॉशची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीत आली, ती अमेरिकेतल्या धुराच्या नियमांमुळे. १९७६ मध्ये अमेरिकेत जाणाऱ्या व्होल्वोत ऑक्सिजन सेन्सर बसला. धुरात किती प्राणवायू उरला हे तो संगणकाला सांगतो, संगणक त्यावरून पेट्रोल कमी-जास्त करतो. १९८० मध्ये कावासाकीने झेड १००० या मोटरसायकलला इंजेक्शन दिलं.

आपल्याकडे मात्र एक अडचण होती, शिसं. शिसेयुक्त पेट्रोलवर हा सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन्ही मरतात. देशभर शिसेमुक्त पेट्रोल व्हायला २००० साल उजाडलं. मग २००६ मध्ये ग्लॅमर एफआय आली, २००७ मध्ये पल्सर २२० इंजेक्शनसह आली, आणि गंमत बघा, २००९ मध्ये तीच पल्सर पुन्हा कार्बोरेटरवर गेली! एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं तेव्हा कुठे कार्बोरेटर खऱ्या अर्थाने निघाला. म्हणजे मधल्या दहा-बारा वर्षांच्या इंजेक्शनच्या गाड्या अधांतरी राहिल्या. जुन्या मिस्त्रीला त्यांच्यातल्या तारांची भीती वाटते आणि नव्या पोराचा स्कॅनर त्यांना लागतोच असं नाही. मग जे दिसत नाही त्याच्यावर, म्हणजे संगणकावर, खापर फुटतं.

एका म्हाताऱ्या उस्तादांकडे मी शेवटचा प्रयत्न म्हणून गेलो. ते म्हणाले, "भिया, कंप्यूटर बाद में. पहले पाइप."

सकाळी थंड इंजिन चालू केलं. ओल्या जाड फडक्याने सायलेन्सरचं तोंड क्षणभर दाबलं आणि मला म्हणाले, पुढे ऐका. हेडला जिथे बेंड पाईप लागतो तिथून फुसफुस आली. नीट पाहिलं तर त्या जोडावर काजळीची काळी रेघही होती. इतके दिवस ती मला धूळ वाटत होती.

आता कारण. आपण सरसकट बॅकफायर म्हणतो, पण खरा बॅकफायर इनटेककडे उलटा येतो. सायलेन्सरमध्ये फुटतो तो आफ्टरफायर. रेस सोडली की सिलिंडरमध्ये हवा अगदी कमी जाते, मिश्रण धड जळत नाही आणि कच्चं पेट्रोल पाइपात उतरतं. एकट्याने ते फारसं काही करत नाही. पण एका सिलिंडरच्या गाडीत धुराच्या प्रत्येक धक्क्यामागे क्षणभर ओढ तयार होते, आणि फुटक्या पॅकिंगमधून बाहेरची हवा आत येते. गरम पाईप, पेट्रोल, हवा. झाला बार.

इंजेक्शनच्या गाडीत याच्यावर आणखी एक भानगड होते. गळती सेन्सरच्या आधी असेल तर ती बाहेरची हवा सेन्सरलाही दिसते. त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि बिचारा संगणक इमानदारीने जास्त पेट्रोल सोडतो. माझा प्लग काळाकुट्ट निघाला आणि मायलेज का उतरलं तेही कळलं. ईसीयू गेला नव्हता, त्याला खोटी बातमी मिळत होती.

उस्तादांनी मग मॅनिफोल्डचं रबरही तपासलं. ते चिरलं असेल तर हवा इनटेकमधून चोरून जाते आणि मिश्रण पातळ होऊन असेच फटाके वाजतात. थंड इंजिनावर रबराभोवती थोडा क्लीनर फवारला. आरपीएम हलले नाहीत, म्हणजे रबर ठीक. (गरम पाइपाजवळ हे करू नका, पेट घेईल.) थ्रॉटलचा सेन्सर पूर्ण बंद स्थितीत बरोबर आकडा दाखवतोय का, तेही मीटरने पाहिलं.

नवीन पॅकिंग शंभराच्या नोटेत आलं. जुनं खरवडून काढायलाच अर्धा तास गेला, एक स्टड गंजला होता तो डिझेलमध्ये भिजवून सोडवला. दोन्ही नट थोडे-थोडे, आळीपाळीने आवळले. एकच बाजू आधी कसली तर पॅकिंग तिरपं बसतं, महिन्यात पुन्हा तेच. शंभर किलोमीटरनंतर गाडी थंड असताना परत आवळायला या, असं उस्तादांनी बजावलं.

त्या रात्री मी मुद्दाम साडेदहालाच गल्लीत शिरलो आणि रेस सोडली. काकू गॅलरीत कपडे काढत होत्या. त्यांनी वर मानही केली नाही.