लक्ष्या परत येतोय, पण कुणाच्या अंगात?

'झपाटलेला ३' येणार ही बातमी मी ऑफिसच्या बसमध्ये वाचली आणि एकटाच हसलो. १९९३चा पहिला भाग माझ्या जन्माआधीचा. तरी मंचरजवळच्या आमच्या गावात टीव्हीवर तो इतक्यांदा पाहिलाय, की रात्री अंगणात जायचं म्हटलं की चुलत भाऊ तात्या विंचूची भीती घालायचे. बातमीत पुढे होतं, की लक्ष्मीकांत बेर्डे यांना एआयच्या मदतीने पुन्हा पडद्यावर आणायचा महेश कोठारे यांचा विचार आहे. तिथे हसू थांबलं. लक्ष्या १६ डिसेंबर २००४ला गेला, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. त्याला नव्याने बघायला मिळेल याचा आनंद होता आणि काहीतरी खटकतही होतं.

चाललेली गोष्ट पुन्हा उभी करणं जुन्नर-आंबेगावच्या माणसाला नवं नाही. पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या आसपास तिथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी येतात, फलक वाचतात, घासाघीस करतात आणि यात्रेची सुपारी देऊन जातात. गण, गवळण, रंगबाजी, वग हा क्रम सगळ्यांना पाठ असतो. लोक बघायला जातात ते यंदा कोण उभं राहणार हे.

भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड नावाजलेला होता. भाऊंची मुलगी विठाबाई त्याच फडात घडली आणि वडील-चुलत्यांपेक्षा मोठी झाली. विठाबाईंची मुलगी मंगला बनसोडे, आणि मंगलाताईंच्या फडाच्या नावात त्यांचा मुलगा नितीनकुमार. चार पिढ्या झाल्या. आमच्या यात्रेत म्हातारे हटकून म्हणायचे, "आईची सर नाही." पण म्हणत म्हणत पहाटेपर्यंत बसायचे. ती तुलना हाही खेळाचाच भाग होता. जुनी भूमिका नव्या माणसाच्या अंगावर चढायची आणि त्या माणसाला हंगामाची उचल मिळायची.

कोठारे यांनीही २०१३च्या 'झपाटलेला २'मध्ये हेच केलं होतं. लक्ष्या नव्हता, म्हणून त्याच्या पात्राचा मुलगा आणला आणि ती भूमिका आदिनाथ कोठारे यांना दिली. चित्रपट थ्रीडी होता, पण रीत तमाशाचीच. आता मात्र भूमिका पुढच्या माणसाकडे जाणार नाही. गेलेल्या माणसाचा चेहराच परत येणार आहे.

हॉलिवूडने हे आधी करून पाहिलंय. १९९४ साली वारलेले पीटर कुशिंग २०१६च्या 'रोग वन'मध्ये दिसले. त्या चेहऱ्याखाली गाय हेन्री हा जिवंत नट काम करत होता. २०२३ साली तिथल्या नटांनी ११८ दिवस संप केला, त्यात आपली डिजिटल प्रतिकृती कोण आणि कशी वापरणार हाही एक मुद्दा होता.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे तंत्राची भीती वाटत नाही. गेल्या दिवाळीत मीच आजोबांचा एक जुना फोटो अॅपमध्ये घालून हलता केला आणि आजीला दाखवला. तिने दोनदा पाहिला. म्हणाली, "ह्यांचं हसू असं नव्हतं." आणि मोबाइल परत दिला. अॅपने चूक काहीच केली नव्हती. हसणारा माणूस साधारण कसा दिसतो, ते त्याने बरोबर काढलं होतं.

लक्ष्याची गंमत साधारण नव्हती. समोरच्याचं वाक्य संपता संपता गडबडणं, घाबरताना आवाज चिरकणं, हे त्या त्या क्षणी समोरच्या नटाकडे बघून घडायचं. तमाशातला सोंगाड्या बतावणीत हेच करतो. मागच्या शंभर क्षणांवरून पुढचा क्षण काढता येईलही, पण तो लक्ष्याने काढलेला नसेल.

मुळात 'झपाटलेला'ची गोष्ट काय? बाहुल्यात अडकलेला तात्या विंचू लक्ष्याचं शरीर बळकवायला निघतो आणि आपण अडीच तास देवाला म्हणत असतो, की त्याला ते मिळू नये. रामदास पाध्ये यांचा तो बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज पुन्हा आले तर मला आनंदच आहे. बाहुला दुसऱ्याच्या हातानेच हलायचा असतो. माणसाचं तसं नाही.

शिवाय पैशाचा प्रश्न उरतोच. विठाबाईंना राष्ट्रपती पदक मिळालं, पण शेवटच्या आजारपणात उपचारांना पैसे नव्हते. १५ जानेवारी २००२ला त्या गेल्या. आता राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. कलावंत गेल्यावर त्याचं नाव चालवायची हौस आपल्याला आहे. उद्या कुणी विठाबाईंना पडद्यावर नाचवलं तर त्याची सुपारी कुणाच्या हातात पडेल?

'झपाटलेला ३' मी पहिल्याच दिवशी बघणार आहे. फक्त लक्ष्याच्या जागी एखादा नवखा, धडपडणारा पोरगा असावा असं वाटतं. मध्यंतरात मी नक्की म्हणेन, "लक्ष्याची सर नाही." आणि पुन्हा आत जाऊन बसेन.