कोयनेचा २१० अंशांचा कोपरा : घनाकृती आणि मेश

अबॅकस शिकायला घेतलंत, की त्याच्या सोबत येणाऱ्या उदाहरणांत कधी ना कधी एक धरण तुमच्यासमोर येणार. ते आपलं कोयना आहे, पाटण तालुक्यातलं. जगभरचे विद्यार्थी या धरणाच्या मापांवर हात बसवतात. आपल्याकडे मात्र फाइल चालवून पाहणाऱ्या कित्येकांना त्यामागची गोष्ट माहीत नसते.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट. कोयनानगर परिसरात ६ पेक्षा मोठ्या तीव्रतेचा भूकंप झाला आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. १०३ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं, पण त्याच्या अनेक खंडांना आडव्या भेगा पडल्या. धरणाचं डिझाइन करताना भूकंपासाठी गुरुत्वत्वरणाच्या फक्त ५ टक्के जोर धरला होता. धरणातल्याच यंत्राने आडवं त्वरण नोंदवलं ते जवळपास निम्म्या ‘जी’चं!

आता भेगा कुठे पडल्या ते बघा. धरणाचा छेद पायाशी साधारण ७० मीटर रुंद आहे. खालच्या अंगाची तिरकी बाजू ६६.५ मीटर उंचीपर्यंत येते, तिथे रुंदी १९.३ मीटर उरते, आणि मग बाजू एकदम उभी होत १४.८ मीटरच्या माथ्याला मिळते. बांधकाम चालू असतानाच उंचीचा बेत बदलल्यामुळे हा वेगळा आकार आला. कागदावर काढून मोजा : त्या वळणाशी काँक्रीटच्या आतला कोन सुमारे २१० अंशांचा भरतो. भेगा नेमक्या त्याच उंचीच्या आसपास होत्या, दोन्ही अंगांना.

बर्कलेचे अनिल चोप्रा आणि पी. चक्रबर्ती यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हा छेद फायनाइट एलिमेंटने सोडवला. तिथे काँक्रीटच्या ताकदीच्या वर जाणारा ताण येतो, हे त्यांच्या गणिताने दाखवलं. बर्कलेतच रे क्लफ यांनी १९६० साली या पद्धतीला नाव दिलं होतं, आणि १९६२ मध्ये क्लफ व विल्सन यांनी अमेरिकेतल्या नॉरफोर्क धरणाच्या भेगेवर ती वापरली होती. म्हणजे धरणाची भेग हा या पद्धतीचा जुनाच सोबती.

त्या काळी घनाकृती असायची ड्रॉइंग बोर्डवर. संगणकाला ती माहीतच नव्हती. त्याला कळायचे फक्त नोडचे अंक आणि कुठले नोड मिळून कुठलं एलिमेंट, एवढंच, तेही पंचकार्डांवरून. घनाकृती संगणकात आणण्याचं काम दुसरीकडे चाललं होतं : केंब्रिजला इयन ब्रेड, रॉचेस्टरला व्होल्कर आणि रेकिचा. त्यांच्या डोळ्यांपुढे यंत्रांचे सुटे भाग होते, धरणं नव्हती. आज एकाच खिडकीत तुम्ही भाग काढता आणि त्यावर मेश टाकता, ते या दोन वेगळ्या घराण्यांच्या सोयरिकीमुळे.

ही सोयरीक टिकते ती नोंदीवर. घनाकृतीच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक नोड बसतो, कडेवर नोडची साखळी, पृष्ठावर एलिमेंटच्या बाजू, आणि पोटात एलिमेंट. कोण कुणाचं, हे सॉफ्टवेअर लक्षात ठेवतं. म्हणून पाण्याचा दाब तुम्ही धरणाच्या ‘पृष्ठाला’ लावता, नोडला नाही. मेश बदलली तरी दाब जागेवर राहतो. नुसती मेश दुसऱ्या फाइलमधून आणलीत तर ही नोंद गळून जाते. अबॅकस तिला चक्क ‘ऑर्फन’, म्हणजे पोरकी म्हणतं. अशी मेश गणित सोडवते, पण तिला बारीक करायचं म्हटलं की अडचण सुरू होते, कारण मूळ कडा आणि कोपरे कुठे होते हे सांगायला कुणी नसतं.

मी राहतो त्या भिवंडीजवळच्या पूर्णा गावात गोदामांच्या लोखंडी चौकटी जिकडेतिकडे दिसतात. त्या चौकटीचं पहिलं गणित करायला नुसत्या रेषा पुरतात, तिथे हा प्रश्न जाणवतही नाही. धरणाला रेषा पुरत नाहीत. पण अख्खा घनही दर वेळी लागत नाही : कोयनेचे खंड उभ्या सांध्यांनी वेगळे आहेत, म्हणून एका खंडाचा सपाट छेद घेऊन काम भागतं. घनाकृतीतलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हा निर्णय मेशच्या आधीचा आहे आणि तो तुमचा आहे, सॉफ्टवेअरचा नाही.

छेद काढल्यावर ६६.५ मीटरवर एक आडवी फाळणी टाका, म्हणजे वळणावर नोड नक्की येईल आणि एलिमेंटच्या रांगा त्या रेषेला धरून बसतील. मग मेश बारीक करत जा. इथे एक गंमत आहे. रेषीय लवचीक गणितात १८० अंशांहून मोठ्या कोपऱ्यावरचा ताण स्थिरावत नाही. मेश जितकी बारीक, तितका आकडा मोठा. २१० अंशांना वाढ हळू असते, त्यामुळे दोन-तीन मेशमध्ये ‘जमलं’ असं वाटू शकतं. कोपऱ्यावरचा तो एकच आकडा प्रबंधात टाकू नका. थोडं आत, ठरावीक अंतरावरचे ताण बघा, किंवा काँक्रीटचं तडकणं धरणारं मॉडेल वापरा. अबॅकसचं उदाहरण दुसरा मार्ग घेतं.

आणि प्रत्यक्ष धरण बघायला गेलात, तर छेद ओळखू येणार नाही. भूकंपानंतर खालच्या अंगाला आधारभिंती बांधून ते मजबूत केलं गेलं. शोधनिबंधांत अजून १९६७ चाच छेद चालतो.