चुन्याच्या भिंतींचे जुने घर: डागडुजी करताना काय करावे, काय टाळावे

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांत आपल्या समाजाची बरीच घरे अजून जुन्या बांधणीची आहेत. दीड-दोन फूट जाड विटांच्या भिंती, चुन्याचा गिलावा, सागाचे खांब, कडीपाट, मधे चौक आणि वर कौले. काही घरांत तिसरी-चौथी पिढी राहते, काही घरांना वर्षातून एकदा, गणपतीच्या दिवसांत, कुलूप उघडलेले दिसते. दर पावसाळ्यानंतर मंडळात हमखास विचारणा होते: भिंतीला ओल आली आहे, रंग सुटतो आहे, काय करावे? त्यासाठी ही माहिती एकत्र केली आहे. इंदूर, ग्वाल्हेर किंवा बेळगावच्या जुन्या घरांनाही यातले बहुतेक लागू पडेल.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. आमच्या पाहण्यात जुनी घरे वयापेक्षा चुकीच्या दुरुस्तीने जास्त खचली आहेत. घर ठेवायचे की विकायचे हा प्रत्येक कुटुंबाचा प्रश्न आहे. पण तो निर्णय आपण शांतपणे घ्यावा, पडायला आलेल्या भिंतीने तो आपल्यावर लादू नये.

आधी भिंत ओळखा

कोपऱ्यात, कपाटामागे, एखाद्या खिळ्याने गिलावा खरवडून पाहा. पांढरट, मऊ भुकटी निघाली तर तो चुना. करडा असेल आणि खिळा नुसताच घसरत असेल तर ते सिमेंट. पुष्कळ घरांत खालचा तीन-चार फुटांचा पट्टा सिमेंटचा आणि वर चुना असे आढळते. याचा अर्थ तिथे पूर्वी ओल आली होती आणि कोणीतरी ती झाकली आहे.

जुना रंग खरवडण्याआधी दोन-तीन ठिकाणी हलक्या हाताने थर उकलून पाहा. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. 1849 ते 1854 या काळात बडोदे संस्थानचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचे हे घर आज पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे आणि त्याच्या भिंतींवरची पुराणप्रसंगांची चित्रे प्रसिद्ध आहेत. प्रत्येक घरात चित्रे निघणार नाहीत, पण एखादी रंगीत पट्टी किंवा वेलबुट्टी चुन्याच्या हातांखाली असू शकते. तसे काही दिसले तर काम थांबवा आणि जाणकाराला दाखवा.

ओल कुठून येते

ओलीची तीन मुख्य ठिकाणे आहेत. जमिनीतून चढणारी ओल साधारण तीन फुटांपर्यंत येते आणि तिच्या वरच्या कडेला लोणा फुटतो. वरून येणारी ओल कौले, पन्हळ किंवा गच्चीच्या कडेची असते आणि पावसाबरोबर वाढते. तिसरी नळाची किंवा मोरीची, ती बारा महिने एकाच जागी दिसते.

खात्री नसेल तर हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला पाणी जमले तर ओल भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर ती खोलीतल्या दमट हवेची आहे आणि खिडक्या उघड्या ठेवून, हवा खेळती करून ती कमी होते.

जुन्या वस्त्यांत आणखी एक कारण आहे. वर्षानुवर्षे थरावर थर पडून रस्ता उंच झाला आणि घराचे जोते खाली राहिले. अशा घरात पाणी बाहेरून आत ओढले जाते. भिंतीलगत उतार काढून नाली देणे आणि पन्हळीचे पाणी जोत्यापासून लांब सोडणे हा पहिला उपाय. तो न करता आत हजारो रुपयांचा गिलावा केला तरी उपयोग होत नाही.

सिमेंटने काय होते

चुन्याची भिंत पाणी शोषते आणि वाळवूनही टाकते. बाहेरून सिमेंटचा गिलावा, ऑइल पेंट किंवा टाइल्स लावल्या की वाळण्याची वाट बंद होते. ओल आत अडकते, आणखी वर चढते, विटा भुसभुशीत होतात. भिंतीत सागाचा खांब किंवा तुळईचे टोक असेल तर ते आतून कुजते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

आमच्यापैकी एका कुटुंबाने ओल आलेल्या भिंतीला गुळगुळीत सिमेंटचा गिलावा करून घेतला. दोन वर्षे भिंत सुरेख दिसत होती. चौथ्या पावसाळ्यात वरच्या मजल्याचे दार अडकू लागले म्हणून गिलावा फोडला, तेव्हा आतल्या खांबाचा तळ हाताने उकरता येत होता. तो खांब वाचवता आला नाही. वेळेवर लक्षात आले म्हणून माळा वाचला.

योग्य क्रम आणि वर्षाचे वेळापत्रक

दिवाळीनंतर: पाण्याचे मूळ बंद करा. ओल आलेल्या भागावरचा सिमेंटचा गिलावा, ओलीच्या रेषेच्या वर दीड फुटापर्यंत, काढून टाका. छिन्नी तिरपी धरा, विटेला धक्का लागू देऊ नका. सांध्यांतला सुटलेला चुना उकरा आणि लोणा कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. धुतल्यास क्षार परत भिंतीत जातात.

माघापर्यंत: भिंत उघडी ठेवा. जाड भिंत वाळायला काही महिने लागतात. हिवाळ्याची कोरडी हवा हे काम फुकट करते. पाहुणे येणार म्हणून घाई करू नका.

फाल्गुनात, कडक ऊन पडण्याआधी: चुन्याचा गिलावा करा. विरवलेला चुना निदान दोन आठवडे, शक्य तर जास्त, पाण्याखाली मुरलेला असावा. एक भाग चुन्याला तीन भाग रेती आणि सुरखी मिळून, असे प्रमाण सर्वसाधारणपणे चालते. सुरखी म्हणजे भाजक्या विटांची पूड. तिच्यामुळे चुना ओलसर जागीही धरतो. एक थर अर्ध्या इंचाच्या आत ठेवा, पहिला घट्ट झाल्यावरच दुसरा द्या. पुढे दहा-बारा दिवस हलके पाणी शिंपडा आणि ओले गोणपाट लावून ऊन अडवा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगडासारखा होतो, त्याला वेळ द्यावा लागतो.

गिलावा वाळल्यावर: रंगासाठी चुन्याचेच पातळ हात द्या. दुधाइतके पातळ, तीन वेळा. पांढरा उजळ हवा असेल तर चिमूटभर नीळ, हाताला रंग लागू नये म्हणून थोडा डिंक. पिवळी माती किंवा गेरू घातला तर जुन्या घराला शोभणारे रंग मिळतात.

सावधगिरी: कळीचा चुना विरवताना उकळतो आणि उडतो. पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे हवेतच, मुलांना तिथे फिरकू देऊ नका.

चुन्याचे काम जाणणारा गवंडी, ज्याला आपण इथे कडिया म्हणतो, शोधावा लागतो. ठरवण्याआधी त्याने दोन-तीन वर्षांपूर्वी केलेली एखादी भिंत जाऊन पाहा. पावसाळे काढलेली भिंतच खरे सांगते.

लाकूड

खांबाच्या तळाशी तळखड्यापाशी, तुळईच्या भिंतीतल्या टोकाशी आणि पन्हळीखाली तपासा. लाकडी मुठीने ठोका. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर सुईसारखे अणकुचीदार काही टोचून पाहा. भिंतीवर मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. नळ्या झाडून टाकणे पुरेसे नाही, ती जमिनीतून आणि ओलीतून येते.

फक्त टोक कुजले असेल तर पूर्ण तुळई बदलू नका. कुजका भाग कापून जुन्या सागाचा तुकडा सांध्याने जोडणारे सुतार अजून आहेत. पाडलेल्या घरांचा साग बाजारात मिळतो आणि तो मुरलेला असतो. काम करताना वरचा भार टेकूंवर घेतल्याशिवाय खांबाला हात लावू देऊ नका.

सागाला चकाकणाऱ्या पॉलिशपेक्षा जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात चांगले. मात्र तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

वजनाचा हिशेब

भावंडांत वाटणी झाली की वरच्या मजल्यावर विटेची भिंत घालण्याचा विचार होतो. साडेचार इंची विटेची दहा फूट उंच भिंत दर फुटाला साधारण 200 किलो भरते. बारा फूट लांबीची भिंत म्हणजे जवळपास अडीच टन. कडीपाट एवढ्या भारासाठी बांधलेला नसतो. लाकडी चौकटीवर फळ्या किंवा हलके बोर्ड लावून आडोसा करा. पुढे काढायचा झाला तरी घराला इजा होत नाही.

पाण्याच्या टाकीचेही तसेच. हजार लिटर म्हणजे एक टन पाणी. टाकी माळ्यावर किंवा मधल्या तुळईवर न ठेवता खालपर्यंत जाणाऱ्या जाड भिंतीवर आधार घेऊन बसवा. न्हाणीघर वाढवायचे असेल तर ते तळमजल्यावरच असावे. झोपाळ्याच्या कड्या नव्या ठिकाणी लावण्याआधी तुळई सुताराकडून तपासून घ्या, झोका घेताना बसलेल्या माणसाच्या वजनापेक्षा जास्त ओढ बसते.

वीज आणि पूर

जुन्या भिंतीत वायरसाठी खोल खाचा मारू नका. भिंतीवरून पट्टीत नेलेली वायर दिसायला थोडी खटकते, पण भिंत आणि माणसे दोन्ही सुरक्षित राहतात. कापडी वेष्टणाच्या जुन्या वायरी असतील तर सगळ्या बदला. योग्य अर्थिंग आणि 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी असावाच.

2019 आणि 2024 मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले ते आपण अनुभवले आहे. ज्या घरात पाणी आले होते, तिथे भिंतीवरच्या खुणेच्या दोन फूट वर मुख्य बोर्ड आणि सॉकेट घ्या. तळमजल्याची वीज वेगळ्या स्विचवर असावी, म्हणजे वरच्या मजल्यावर दिवा चालू ठेवून खालची बंद करता येते. कागदपत्रे, फोटो आणि देवांच्या जुन्या मूर्ती यांची जागा वरच्या मजल्यावर ठरवून ठेवा.

राहणे सोयीचे करताना

चौक हे घराचे धुराडे आहे. गरम हवा तिथून वर जाते आणि खोल्या थंड राहतात. पावसासाठी छप्पर घालायचे असेल तर ते उंचावर घ्या आणि चारही बाजूंनी निदान दीड फूट मोकळे सोडा. पूर्ण बंद केलेला चौक उन्हाळ्यात भट्टी होतो.

कपाटे भिंतीला चिकटवू नका, तीन-चार इंच जागा सोडा. जिना उभा असतो, त्याला दोन्ही बाजूंना कठडा, वर आणि खाली दोन्हीकडून लागणारा दिवा आणि पायऱ्यांच्या कडेला खरखरीत पट्टी द्या. न्हाणीघरात धरायला दांडी लावा. घरात वडीलधारी माणसे असतील तर हा खर्च रंगाच्या आधी करा.

कधी थांबावे

भिंत पोटाला फुगली असेल, मजला एका बाजूला उतरला असेल, दारे अचानक अडकू लागली असतील किंवा भेगेत नाणे उभे जात असेल, तर गवंड्याला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. लहान भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. दोन महिन्यांनी भेग खुणेपलीकडे गेली असेल तर ती जिवंत आहे. पावसाळ्यात अशा भिंतीशेजारी झोपू नका. बाहेरच्या दर्शनी भागात बदल करायचा असेल तर आधी महानगरपालिकेची परवानगी घ्या आणि शेजारच्या सामाईक भिंतीबाबत शेजाऱ्यांशी बोलून लेखी ठेवा.

घर बंद राहत असेल तर वर्षातून तीनदा उघडा: दिवाळीनंतर, होळीच्या सुमारास आणि मृगाआधी. मृगाआधीच्या फेरीत कौले फिरवून घ्या आणि पन्हळी साफ करा. या एका दिवसाच्या कामाने पुढच्या अनेक दुरुस्त्या टळतात. परगावी असाल तर किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्या आणि भिंतींचे फोटो दर वर्षी त्याच जागेवरून काढून ठेवा. पुढे इंजिनिअर आला की तो पहिल्यांदा तेच मागेल.