शेततळ्याची खोली आणि पाण्याचे तापमान : उन्हाळ्यातील मत्स्यपालनासाठी काळजी

वर्धा जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत, काही दिवस त्यापुढेही जाते. याच काळात ओलितामुळे आणि बाष्पीभवनामुळे शेततळ्यातील पाणी खाली जाते. कटला, रोहू, मृगळ या माशांची वाढ साधारण २५ ते ३२ अंश तापमानात चांगली होते. पाणी उथळ झाले की दुपारी ही मर्यादा ओलांडली जाते आणि विक्रीला आलेले मासे मरण्याचा धोका वाढतो.

खोलीचा परिणाम कसा होतो?

एक चौरस मीटर पृष्ठभागावर पडणारे ऊन तळे उथळ असो वा खोल, सारखेच असते. मात्र त्याखाली १ मीटर पाणी असेल तर १,००० लिटर आणि ३ मीटर असेल तर ३,००० लिटर पाणी तापावे लागते. ज्या उष्णतेने १ मीटर पाणी ३ अंशांनी तापते, त्याच उष्णतेने नीट मिसळलेले ३ मीटर पाणी फक्त १ अंशाने तापते. रात्री उथळ पाणी लवकर निवते. त्यामुळे त्यातील दिवस-रात्रीचा चढउतार जास्त असतो व माशांवर ताण येतो.

खोल तळ्यात थर पडतात

गरम पाणी हलके असल्याने वर तरंगते, थंड पाणी तळाशी राहते. वारा नसेल तर हे थर मिसळत नाहीत. तळाशी गाळ व उरलेले खाद्य कुजून प्राणवायू संपतो. म्हणजे वर पाणी गरम, खाली थंड पण प्राणवायू नाही, अशी माशांची कोंडी होते. वळवाचा पाऊस किंवा वादळ आल्यास थर एकदम उलटतात आणि पहाटे मासे मेलेले आढळतात. म्हणून केवळ खोली पुरेशी नाही. पाणी मिसळत राहणेही तितकेच महत्त्वाचे आहे.

तापमान वाढले की पाण्याची प्राणवायू धरण्याची क्षमताही घटते. २५ अंशांना एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांना सुमारे ७ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो.

तापमान कसे मोजावे?

- सकाळी ६ व दुपारी ३ ते ४ वाजता मोजावे.
- एक नोंद पृष्ठभागाखाली एक फुटावर, दुसरी तळापासून एक फूट वर घ्यावी.
- खालच्या पाण्यासाठी बाटलीला वजन बांधून बूच लावावे. बाटली खाली सोडल्यावर बुचाची दोरी ओढावी, भरल्यावर वर काढून लगेच थर्मामीटर बुडवावा.
- वर-खाली ३ अंशांपेक्षा जास्त फरक रोज दिसत असल्यास थर पडले असे समजावे.

उपाययोजना

- मत्स्यपालनाच्या तळ्यात मे अखेरपर्यंत किमान १.५ मीटर पाणी राहील, असे ओलिताचे नियोजन करावे. कडक उन्हाळ्यात बाष्पीभवनाने रोज सुमारे १ सेंटीमीटर, म्हणजे दोन महिन्यांत ६० सेंटीमीटर पाणी कमी होते, हे हिशेबात धरावे.
- एवढे पाणी राहणार नसेल तर विक्रीयोग्य मासे आधीच काढावेत.
- मार्चपासूनच रोज पंपाने पाणी उपसून फवाऱ्यासारखे परत तळ्यात सोडावे किंवा एरेटर चालवावा. अनेक आठवडे साचलेले थर एकाच दिवशी ढवळू नयेत.
- विहिरीचे पाणी थंड असते, पण त्यात प्राणवायू कमी असू शकतो. ते उंचावरून, तुषार करून सोडावे.
- पृष्ठभागाच्या काही भागावर शेडनेटची सावली करावी. संपूर्ण तळे झाकू नये.
- मासे पहाटे पृष्ठभागावर तोंड काढत असल्यास खाद्य बंद ठेवून एरेटर किंवा पंप लगेच सुरू करावा.

प्लास्टिक अस्तराच्या तळ्याचे काठ निसरडे असतात. मोजमाप करताना एकट्याने उतरू नये. काठावर दोरी बांधलेली असावी. तळ्याला कुंपण करावे.

तळ्यातील परिस्थितीनुसार अधिक सल्ल्यासाठी कृषी विज्ञान केंद्र, सेलसुरा किंवा मत्स्यव्यवसाय विभागाशी संपर्क साधावा. जाताना तापमानाच्या नोंदींची वही सोबत न्यावी.